नौपाड्यातल्या काकांनी शिवलेले बूट आणि उल्हासकाठचे अकरा रविवार

पळायच्या बुटाचा तळ सुटलाय, वरचं कापड मात्र अजून धड आहे, अशी वेळ आली असेल आणि तुम्ही ठाण्यात राहत असाल, तर नवीन जोड घ्यायच्या आधी नौपाड्यात एक चक्कर मारा. गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी, जुन्या सोसायटीच्या भिंतीला टेकून एक काका बसतात. वर निळी ताडपत्री, पुढ्यात लाकडी पेटी, बाजूला लोखंडी तिपाई. पाटी नाही. चपलेचा अंगठा, बॅगेची चेन, छत्रीची काडी हे त्यांचं रोजचं काम. पळायचे बूट त्यांच्याकडे फारसे येत नाहीत, कारण आपण ते फाटले की टाकून देतो. माझा जोड त्यांनी शिवून दिला त्याला चार महिने होतील. तो घालून मी उल्हास नदीच्या काठाने अकरा रविवार पळून आले, आणि मगच हे लिहायला बसले.

मी स्वतः शिवणकाम करते. चोवीस वर्षं ब्लाउज शिवतेय, नौपाड्यातच. त्यामुळे दुसऱ्याच्या हातचा टाका उलटून बघितल्याशिवाय मला राहवत नाही. मशीनवर बसून बसून कंबर धरायला लागली म्हणून चार वर्षांपूर्वी कचराळी तलावाभोवती चालायला सुरुवात केली. चालता चालता पळायला लागले. माझं पळणं सावकाश आहे, आणि ते तसंच राहावं अशी माझी इच्छा आहे. एका किलोमीटरला नऊ-साडेनऊ मिनिटं. शेजारून पळणाऱ्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दम लागून शब्द तुटता कामा नये, एवढाच माझा नियम. मॅरेथॉन करणारे लोकही आठवड्यातलं बहुतेक पळणं असंच, बोलता येईल इतक्या सावकाश करतात. यात कमीपणा काहीच नाही.

आठवडाभर तलाव आणि रविवारी नदी. पहाटेची कर्जत लोकल पकडायची, ठाण्याहून बदलापूर साधारण पन्नास मिनिटं. पश्चिमेला उतरून रिक्षाने नदीपर्यंत जायचं आणि तिथून नदीच्या वरच्या अंगाला, चामटोलीच्या दिशेने, शेतांच्या कडेने पायवाट धरायची. जाताना नदी उजव्या हाताला असते. पलीकडे चंदेरीचा डोंगर. ऊन डाव्या बाजूने वर येतं आणि सगळ्यात आधी चंदेरीच्या माथ्यावर पडतं. खाली नदीवर तेव्हा अजून धुकं असतं. गायमुखला किंवा कोलशेतला आपण जी खाडी बघतो ती याच उल्हासचा शेवट आहे, हे मला ठाण्यात इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. राजमाचीच्या बाजूच्या डोंगरात ती उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत १२२ किलोमीटर चालून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. कल्याणच्या खाली तिला भरती-ओहोटी लागते, मचूळ होते. उन्हाळ्यात पात्रावर जलपर्णी पसरते ते फोटो आपण पेपरात बघतोच. बदलापूरच्या वर मात्र ती अजून नदीसारखी नदी आहे. दगडावरून वाहताना तिचा आवाज येतो.

बुटाबद्दल लिहायचं म्हटल्यावर नदीबद्दल इतकं लिहावं लागतं, कारण बुटाची खरी परीक्षा ती घेते. या वाटेवर तीन तऱ्हेची जमीन लागते. बांधावर कडक माती आणि भात कापल्यावर उरलेली धसकटं. पात्राजवळ गोटे, त्यांच्या पाण्याकडच्या अंगाला शेवाळ. आणि या दोन्हींच्या मध्ये पोयटा, म्हणजे पुराने आणून टाकलेला बारीक गाळ. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ती जागा याच पट्ट्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये. पाणी केवढं पसरतं याचा त्यावरून अंदाज यावा. पावसाळ्यात मी तिकडे फिरकत नाही, तुम्हीही जाऊ नका. पाऊस सरला की मागे राहतो तो हा गाळ. वरून सुकलेला दिसतो, आत लोण्यासारखा. पाय घातला की धरून ठेवतो, आणि उचलताना बुटाचा तळ खाली आणि पाय वर अशी ओढाताण होते.

माझा तळ तिथेच गेला. ऑक्टोबरचा पहिला रविवार होता. डाव्या पायाचा चवडा गाळातून उचलला आणि अंगठ्यापासून पार मध्यापर्यंत तळ उघडा पडला. पुढे प्रत्येक पावलाला तो फटाफट आपटायचा. कमरेच्या पाऊचमध्ये माझ्याकडे सुई-दोरा कायम असतो, पण साध्या सुईने रबर टोचलं जात नाही. बांधावर गवत कापणाऱ्या एका मावशींनी पेंढीची सुतळी सोडून दिली. ‘बाय, अनवाणी नको जाऊस, काटे आहेत,’ म्हणाल्या आणि स्वतः खाली बसून बुटाला तीन वेढे घालून बांधून दिले. त्या सुतळीवर चार किलोमीटर चालत मी रिक्षापर्यंत आले. ती सुतळी मी अजून ठेवली आहे.

बूट चौदा महिन्यांचा होता, सेलमध्ये बेचाळीसशेला घेतलेला. कंपनीला फोटो पाठवले. वॉरंटी सहा महिन्यांची, त्यामुळे काही करता येणार नाही, नवीन जोडावर सूट देऊ, असं उत्तर आलं. मग एका चकचकीत दुकानात दिला. त्यांनी साडेतीनशे रुपये घेऊन अर्ध्या तासात चिकटवून दिला. तीन रविवार टिकला.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण हे मला आधी कळलं असतं तर साडेतीनशे वाचले असते. पळायचा बूट तळाशी शिवलेला नसतोच. खाली रबर, मध्ये फोम, वर जाळीचं कापड, आणि हे तिन्ही थर नुसते चिकटवलेले. कारखान्यात ते गरम करून, यंत्राखाली दाबून बसवतात म्हणून टिकतात. एकदा सुटले आणि आत माती, पाणी, जुन्या गोंदाचा पापुद्रा राहिला, की वरून कितीही सोल्युशन लावा, नवा गोंद जुन्या पापुद्र्याला चिकटतो आणि त्याच्यासकट निघून येतो. आमच्या धंद्यात इस्त्रीने चिकटवायचं कॅनव्हास मिळतं. शिवण न मारता नुसतं चिकटवलं तर दोन धुण्यांत त्याला फुगे येतात. चिकटवणं हे शिवण बसेपर्यंत कापड जागेवर धरून ठेवण्यासाठी असतं, असं माझ्या शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या. बुटाच्या बाबतीतही तेच निघालं.

काकांकडे मी गेले ते एका गिऱ्हाईक ताईंच्या सांगण्यावरून. काकांनी बूट हातात घेतला आणि पहिल्यांदा सुकतळा, म्हणजे आतला सुटा तळ, काढून बाजूला ठेवला. मग अंगठा फोममध्ये दाबला, सोडला, परत दाबला. ‘फोम जिता आहे अजून,’ म्हणाले, ‘मेला असता तर हात लावला नसता.’ नंतर बूट उलटा करून टाचेच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं.

‘ताई, तुम्ही सावकाश पळता.’

मी विचारलं, कसं ओळखलं?

‘टाच आधी टेकते तुमची. बाहेरच्या अंगानं घासली बघा. जोरात पळणाऱ्याचा चवडा झिजतो.’

आणि मग, ‘वाळवता कुठं?’

गॅलरीत, कठड्यावर, उन्हात, मी सांगितलं.

‘तिथंच गोंद गेला. पाण्यानं नाही गेला, उन्हानं गेला. नदीनं फक्त ओढला.’

चौदा महिने मी दर रविवारी दुपारी तो बूट कडक उन्हात ठेवत होते, लवकर वाळावा म्हणून. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. रेशमाचा ब्लाउज उन्हात घालू नका असं मी गिऱ्हाइकांना रोज सांगते.

काम त्यांनी दोन दिवसांत केलं, त्यातला बराच वेळ मी समोर स्टुलावर बसून होते. माझ्या दुकानाला त्या दुपारी कुलूप लावलं होतं. आधी रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, जुन्या गोंदाचा कण न् कण खरवडून काढला. त्यालाच पाऊण तास गेला. मग काचपेपर, रबर आणि फोम दोन्ही बाजूंना, हात फिरवला तर मखमलीसारखा लागेल इतका. दोन्ही बाजूंना सोल्युशनचा पातळ हात, पंधरा मिनिटं थांबून दुसरा हात. बोटाला चिकटेनासं झालं तेव्हा शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून वायर ओढून घेतलेली हीट गन फिरवली आणि अंगठ्याकडून मागे, मागे असं दाबत नेलं. मध्ये हवा राहू नये म्हणून. मग तिपाईवर चढवून लाकडी ठोकणीने हलके हलके ठोकलं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून गुंडाळून रात्रभर ठेवून दिलं. चकचकीत दुकानाने अर्ध्या तासात दिला होता तो का सुटला, ते मला इथे बसल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी शिलाई. हा भाग मी आयुष्यभर विसरणार नाही. तळाला जे रबरी दात असतात त्यांच्या आतल्या बाजूने, कडेकडेने, त्यांनी आधी रापीच्या टोकाने एक बारीक चर पाडला. धागा या चरात बसतो, जमिनीच्या वर येत नाही, म्हणून घासला जात नाही. मग आरी, म्हणजे चामडं टोचायची जाड सुई, घेतली. आरीच्या टोकाला अगदी बारीक खाच असते. उजव्या हाताने आरी खालून वर तळातून आत घातली. डावा हात बुटाच्या आत होता, त्यात मेण लावलेला नायलॉनचा दोरा. आतल्या बोटांनी, न बघता, दोरा आरीच्या खाचेत अडकवला. आरी बाहेर ओढली तसा दोऱ्याचा एक फास बाहेर आला. त्या फासातून बाहेरच्या दोऱ्याचं टोक घातलं, आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडून ओढलं. खट्. टाका बसला.

मी माझ्या मशीनवर दिवसाला हजारो वेळा हेच बघते. वरचा दोरा सुई आत नेते, खालचा बॉबिनमधून येतो, आणि दोन्ही कापडाच्या मध्यात एकमेकांत अडकतात. गाठ वर दिसत नाही, खाली दिसत नाही. हे काम करायला मला एक अख्खं यंत्र लागतं. काका ते एका आरीने आणि बुटाच्या आत दडलेल्या, न दिसणाऱ्या बोटांनी करत होते, आणि ताण प्रत्येक टाक्याला सारखा. मी नंतर पट्टी लावून बघितलं. इंचाला पाच टाके, पुढे अंगठ्याच्या गोलाईवर सहा. ब्लाउजला मी इंचाला दहा-बारा मारते, म्हणून विचारलं, इतके लांब का? म्हणाले, ‘जवळ जवळ मारले तर फोम पोस्टाच्या तिकिटासारखा फाटतो, रेघेवर.’

आणखी एक गोष्ट. शेवटची गाठ त्यांनी चवड्याखाली न घेता मागे, तळव्याच्या कमानीखाली नेऊन मारली. तिथे पायाचा भार पडत नाही. गाठ चवड्याखाली राहिली असती तर पाचव्या किलोमीटरला फोड आला असता. काका आयुष्यात पळायला गेलेले नाहीत, त्यांनीच सांगितलं. पण पाय कुठे टेकतो आणि कुठे टेकत नाही हे त्यांना माझ्या बुटाकडे बघून कळलं. टाचेला त्यांनी शिलाई मारलीच नाही, मी सांगूनही. ‘तिथं तुमचा सगळा भार येतो. शिवलं तर फोम दबून कडक होईल. चिकटवलंय, तेवढं पुरं.’ दोन्ही बुटांना अंगठ्यापासून कमानीपर्यंतच टाके आहेत. उजवा सुटलेला नव्हता, पण एक शिवला आणि दुसरा नाही तर पायांना वेगवेगळं लागतं, म्हणून दोन्ही शिवले. तळाचा अंगठ्यावर येणारा ओठ फाटला होता, तिथे पातळ रबराचा एक तुकडा लावला.

टाचेच्या आतलं अस्तरही विरलं होतं. ते मी दाखवलं तर बूट माझ्याकडे परत दिला. ‘अस्तर तुमचं काम, ताई. माझा दोरा तिथं टोचंल.’ घरी आणून मी मऊ होजिअरीचा तुकडा दुहेरी घडी करून, कडा आत दुमडून, वाकड्या सुईने तुरपाई केली. ते दाखवायला पुढच्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी आत बोट घालून शिवण चाचपली आणि मान हलवली. त्यांच्या हातून मिळालेली ती पसंती मला महत्त्वाची वाटली.

आता पळण्याचं. पहिल्या रविवारी मी मुद्दाम चारच किलोमीटर गेले, कोरड्या बांधावरून. बूट पुढे ताठ वाटला. चवडा वाकतो तिथे आधी जेवढा सहज वाकायचा तेवढा वाकत नव्हता. दोन रविवार हे जाणवलं, तिसऱ्यापासून दोरा बसला असावा, ताठपणा गेला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी डावा बूट २६२ ग्रॅम भरला होता, शिवल्यावर २८१ भरला. सावकाश पळणाऱ्याला हे एकोणीस ग्रॅम कळत नाहीत. वेळ लावून पळणाऱ्याला कदाचित कळतील.

चौथ्या रविवारी ओढा ओलांडला. घोट्याइतकं पाणी. टाक्यांच्या भोकांतून पाणी आत येतं, मिनिटभरात बोटांना गार लागलं, हे खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. पूर्वी पाणी फक्त वरच्या जाळीतून यायचं. पण पुढच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये ते त्याच भोकांतून निघूनही गेलं, आत छपछप राहिली नाही. पायाला जखम असेल तर मात्र ओढ्यात, गाळात पाय घालू नये. लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा, धोका असतो, आणि तो बूट कसाही असला तरी असतो.

सातव्या रविवारी मी मुद्दाम गाळातून गेले. जिथे ऑक्टोबरमध्ये तळ सुटला होता त्याच जागी. आता गाळ बराच सुकला होता पण नदीकडच्या कडेला अजून ओल होती. डावा पाय घातला, घोट्यापर्यंत गेला, आणि ओढला. चप्प असा आवाज आला आणि बूट अख्खा वर आला. मी तिथेच दगडावर बसले आणि नदीच्या पाण्याने तळ धुऊन टाके मोजले. सगळे जागेवर. समोर बुडालेल्या बाभळीच्या फांदीवर खंड्या बसला होता, निळा, चोच लाल. मी टाके मोजेपर्यंत त्याने दोनदा सूर मारला, दुसऱ्यांदा मासा घेऊन आला आणि फांदीवर आपटून आपटून गिळला. जोरात पळणाऱ्यांना हे दिसत नाही असं मी म्हणणार नाही, पण मला थांबायला वेळ असतो. टिटवी मात्र माझ्याआधी अर्धा फर्लांग ओरडत सुटते आणि सगळ्यांना मी येतेय ते सांगते. पाण्याच्या कडेला वंचक, म्हणजे छोटे बगळे, असतात. मातकट रंग, दगडात दिसत नाहीत, जवळ गेलं की पांढरे पंख उघडून उडतात आणि प्रत्येक वेळी मी चमकते.

गोट्यांवरची पकड शिवण्याने बदलली नाही, बदलणारही नव्हती. दात झिजले असतील तर ते काका परत उगवून देऊ शकत नाहीत. शेवाळावर कुठलाच बूट थांबत नाही, तिथे चालायचं. मी चालते.

अकरावा रविवार गेल्या आठवड्यातला. पळस फुलला आहे, पानं गळून गेल्यामुळे झाडावर नुसती केशरी फुलं. नऊ किलोमीटर झाले, जाऊन येऊन, मध्ये दोन वेळा पाणी प्यायला थांबून. पाय दुखले नाहीत, टाचेला माझं अस्तर टोचलं नाही.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या. काकांची वेळ ठरलेली नाही. साधारण अकरा ते सात, पण दुपारी दोन-अडीच तास नसतात, आणि गल्लीत पाणी साचलं की त्या दिवशी बसत नाहीत. मला सांगितलेल्या दिवशी बूट तयार नव्हता, एक दिवस उशीर झाला. आधी कळवलं असतं तर माझी एक फेरी वाचली असती. पावती देत नाहीत. धागा काळा किंवा पांढरा, दोनच रंग. माझा बूट निळा आहे, आणि काळी शिलाई त्यावर दिसते. सोल्युशनचा वास चार-पाच दिवस राहिला, बूट घराबाहेर ठेवावे लागले. आणि दुसऱ्या एका मैत्रिणीचा जोड त्यांनी परत दिला, कारण त्याचा फोम दाबला तर उसळत नव्हता. तिला वाईट वाटलं, पण मला हे त्यांचं सगळ्यात मोठं मोल वाटतं. पैसे घेऊन शिवून दिला असता तर तिच्या गुडघ्यांनी ते भोगलं असतं.

पैसे तीनशे वीस झाले. दोन्ही बुटांची शिलाई आणि चिकटवणं तीनशे, अंगठ्याचा तुकडा वीस. मी चारशे देऊ केले तर ऐंशी परत केले. दोन दिवसांचं काम, त्यात पाऊण तास नुसतं खरवडणं. ब्लाउजच्या शिलाईला लोक माझ्याशी घासाघीस करतात तेव्हा मला कसं वाटतं ते मला माहीत आहे. म्हणून सांगते, तिथे भाव करू नका.

नेताना बूट धुऊन, पूर्ण वाळवून न्या. मातीचा बूट ते घेत नाहीत, आणि बरोबर करतात, ओल्या फोमवर गोंद धरत नाही. सुकतळे घरी काढून ठेवलेत तरी चालेल. सुटलेला भाग असेल तसा न्या, आधी घरी दहा रुपयांच्या झटपट गोंदाने चिकटवू नका. तो गोंद सुकल्यावर काचेसारखा होतो, बूट वाकला की तडकतो, आणि त्याचा थर रापीनेही नीट निघत नाही. नदीवरून आलात की साध्या पाण्याने धुवा, सुकतळा बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, आणि पंख्याखाली ठेवा. खाडीकाठी पळत असाल तर मिठाचं पाणी दोन वेळा धुऊन काढा. हे सगळं काकांनी सांगितलेलं आहे, शेवटचं सोडून. ते मी गायमुखला एकदा पळून आल्यावर शिकले, जाळीवर पांढरे डाग पडले तेव्हा.

काल रात्री बूट तपासले. उजव्या पायाला, करंगळीच्या बाजूला तीन टाक्यांचा दोरा पिंजला आहे. तिथे चर जरा उथळ राहिला असावा, धागा गोट्यांवर घासला जातोय. अजून सुटलेला नाही. सोमवारी दुकान उघडायच्या आधी काकांकडे नेऊन ठेवणार आहे, म्हणजे रविवारच्या लोकलच्या आत मिळेल.